पुढारीणबाईची साक्ष

"नीज गं नीज पिल्ला, रानी थकला वारा,
उद्या जन्माची धाव, आज कुशीत थारा."

हा आवाज माझ्या कानी पडला तेव्हा माझे डोळे उघडलेही नव्हते. आवाज जाडाभरडा होता. मधेच खोकला यायचा आणि सूर कुठल्या कुठे जायचा. पण त्या आवाजाला वाळलेल्या गवताचा वास होता, आणि ज्या ओंजळीत मी पडलेली असायचे ती ओंजळ उबदार होती. एकेका पिल्लाला उचलून तो आवाज त्याच दोन ओळी म्हणायचा. आम्ही भावंडं इतकी होतो की शेवटच्याची पाळी येईस्तोवर पहिलं जागं झालेलं असायचं. मग पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मी एक म्हातारी शिकारी कुत्री आहे, मित्रांनो. तोंड लांबट, कंबर मुठीत मावेल एवढी, पाय काठ्यांसारखे. मला पाहून लोक हळहळतात, हिला कुणी पोटभर घालत नाही की काय म्हणतात. तसं काही नाही. आमच्या जातीचा बांधाच असा. आम्हाला घडवताना माती कमी पडली, म्हणून वारा जास्त घातला. आता तोंडावरचे केस पांढरे झालेत, उजवा पुढचा पाय मी जपून टेकते. दिवसभर उन्हात पडून असते, आणि पडून असलं की आठवणी आपोआप अंगावर येऊन बसतात, माशांसारख्या. त्यातली एक तुम्हाला सांगते.

तो आवाज काकांचा. साहेबांच्या घरामागे आमची एक लांबलचक खोली होती. सगळे तिला थट्टेनं कुत्र्यांचा गोठा म्हणायचे. फरशीला उतार, कडेनं पाणी जायला पन्हळ, झोपायला लाकडी फळ्या, आणि भिंतीतल्या खिळ्यांवर आमचे पट्टे टांगलेले. प्रत्येक पट्ट्याला पितळेची चकती, तिच्यावर मालकाची खूण. काका त्या खोलीचे राजे. फिनेलनं फरशी धुवायची, हाडांचं कढण उकळायचं, दौडीवरून आल्यावर आमच्या पायांना तेल चोळायचं, पंजातले काटे काढायचे. काटा काढताना ते काट्यालाच शिव्या द्यायचे, आम्हाला कधी नाही.

साहेब मोठे पुढारी होते. आवाज असा की सभेत शेवटच्या रांगेतल्या माणसालाही वाटावं, हे आपल्याच कानात बोलतायत. पण रानात आले की हाच माणूस मुका व्हायचा. ओठ न हलवता, नुसत्या मानेनं आम्हाला सांगायचा, की आता. आणि मग मित्रांनो, पायाखालची जमीन मागं सरकायची आणि मी उरायचेच नाही, नुसती धाव उरायची. मला धावायला आवडायचं. हे खोटं कशाला सांगू? पुढं ससा असायचा. त्याला माझ्याइतकंच धावायला आवडतं, अशी माझी तेव्हाची समजूत. एकदा कुंपणाशी त्याची नि माझी नजर एक झाली, तेव्हा कळलं की मी हौसेनं धावत होते आणि तो जिवाच्या भीतीनं. त्या दिवशी मी परत आले ती शेपूट पाडून. काकांना वाटलं, काटा लागला. त्यांनी चारही पंजे तपासले.

माझं नाव साहेबांनी झुळूक ठेवलं होतं. मी एकामागून एक शर्यती जिंकल्या, शिकारीत त्यांना कधी हात हलवत परतू दिलं नाही, म्हणून साहेबांची माझ्यावर विशेष मर्जी. सभेला जाताना ते मला बरोबर न्यायचे. निवडणुकीच्या पोस्टरवरही मी त्यांच्यापुढं उभी होते. काका म्हणायचे, "तुला पुढं उभं केलंय ते पोट झाकायला." साहेबांनी ते ऐकलं, आणि सगळ्यांत जास्त तेच हसले.

सभेत ते माझ्या डोक्यावर हात ठेवून बोलायचे. बोलणं ठरलेलं असायचं. शिकार हा आपल्या पूर्वजांचा वारसा आहे. रानाची पारख असते ती शिकाऱ्यालाच, शहरात बसून पुस्तकं वाचणाऱ्याला नाही. आणि शेवटी आवाज खाली आणून म्हणायचे, "आमचा शिकारी आपल्या कुत्र्याला पोटच्या पोरासारखं जपतो. बापाला मुलावर प्रेम करायला कायदा लागतो का?" टाळ्यांनी मंडप हलायचा. आणि मित्रांनो, बोलताना ते खोटं बोलत नव्हते. थंडीच्या दिवसांत गाडीत माझे पंजे ते स्वतःच्या कोटात घेऊन बसायचे. ते काही कुणाला दाखवायला नव्हतं. तिथं कोण बघत होतं?

पण आमच्या खोलीत एक रीत होती. शिकारीचा हंगाम सरला, की काही फळ्या रिकाम्या व्हायच्या. कुणाचा दम कमी पडायला लागलेला, कुणाचं वय झालेलं. सकाळी उठावं तर शेजारीण नाही. बाहेर मालक मंडळी एकमेकांना विचारायची, "तुमची ती तपकिरी दिसत नाही?" आणि उत्तर यायचं, "सासरी पाठवली." मग हशा. कुणी विचारायचं, सासर कसं आहे, तर म्हणायचे, "मोठं घर आहे, अंगणाला भिंतच नाही." पुन्हा हशा. आसपासचे सगळेच शिकारी हा शब्द वापरायचे. घरातल्या मुलाबाळांनाही तेच सांगायचे, आणि मुलं आपली निश्चिंत. मीही निश्चिंत होते. भिंत नसलेलं अंगण मला फार आवडलं होतं. पडल्यापडल्या मी त्याची स्वप्नं बघायचे. काका मात्र या विनोदाला कधी हसले नाहीत. ते रिकामी फळी उचलून बाहेर न्यायचे आणि घासत बसायचे, ती स्वच्छ असली तरी.

मग तो तारेचा फास आला. कुंपणाच्या फटीत कुणीतरी रानातल्या मुक्या जिवांसाठी लावून ठेवला होता. बारीक तार, गवताच्या रंगाची. मी भर धावेत होते. पाय मागं राहिला आणि मी पुढं गेले, एवढंच आठवतं. साहेब धावत आले. त्यांनी हातानं तार पिळून सोडवली, त्यात त्यांचीही बोटं फाटली. मला खांद्यावर टाकून नांगरलेलं अख्खं रान त्यांनी तुडवलं. त्यांच्या कोटाला माझं रक्त आणि माझ्या पाठीला त्यांचा घाम. डॉक्टरांनी पाय बांधला आणि सांगितलं, चालेल, पण धावणं विसरा.

साहेब रोज येऊन पाय बघून जायचे. मग एक दिवसाआड यायला लागले. मग काकांनाच विचारायला लागले. आणि हंगाम सरला.

ते दारात उभे राहिले तेव्हा मी शेपूट हलवत उठले. ते माझ्याकडं बघत नव्हते, दाराच्या कडीकडं बघत होते. कडीत काही बिघाड असावा असं मला वाटलं.

"काका, हिला सासरी पाठवा."

काकांच्या हातातलं कढणाचं भांडं तसंच राहिलं. ते म्हणाले, "राहू दे ना साहेब. पडून राहील एका कोपऱ्यात. माझ्या ताटातलं खाईल."

"एकीला ठेवली की लोक बाकीच्या शिकाऱ्यांना विचारतील, तुम्ही का नाही ठेवली. मला त्या लोकांबरोबर उठबस करायची असते, काका."

कडी लागली आणि ते गेले. कडीत बिघाड नव्हता.

मला मात्र आनंद झाला होता, मित्रांनो. सासरी जायचं म्हणून. काकांनी मला अंघोळ घातली, गाडीत माझी घोंगडी अंथरली. सबंध रस्ताभर काका खोकलेसुद्धा नाहीत. मोठ्या रस्त्याच्या कडेला, पेट्रोल पंपापासून थोडं अलीकडं, त्यांनी गाडी थांबवली. माझ्या गळ्यातला पट्टा काढला, कारण पट्ट्यावर साहेबांची खूण होती. घोंगडी खाली घातली, मला तिच्यावर बसवलं. "इथं थांब हं," असं म्हणाले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ बसले. मग गाडी गेली.

थांब म्हटलं की थांबायचं, हे मला काकांनीच शिकवलेलं. बोलावल्याशिवाय जागा सोडायची नाही. म्हणून मी थांबले. ऊन झालं, धूळ झाली, पाऊस येऊन गेला. पंपावरची माणसं पाव टाकायची. घोंगडीवर पडला तर मी खायचे, बाहेर पडला तर बघत बसायचे. ती म्हणायची, काय मानी आहे बघा. मानी कसली, आज्ञाधारक होते. दोन्ही लांबून सारखेच दिसतात.

तिथंच मला मावशी भेटल्या. मावशी पूर्वी शाळेचे गणवेश शिवायच्या. डोळे थकले तशी मशीन विकून, बंद पडलेल्या एका गिरणीच्या आवारात त्यांनी टाकलेल्या कुत्र्यांसाठी आसरा काढला होता. खडखडणाऱ्या टेम्पोतून त्या उतरल्या आणि मला हाका मारू लागल्या. मी हलेना. बिस्किट दाखवलं, हलेना. गोड बोलून झालं, रागावून झालं. शेवटी त्या दमून माझ्याशेजारी घोंगडीवर बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, तू माझ्या मोठ्या बहिणीसारखी आहेस. तिचंही असंच. एकदा बसली की बसली." आणि मग काय सुचलं कोण जाणे, त्यांनी पंपावरच्या दोघांना बोलावलं, घोंगडीची चारी टोकं धरली आणि मला अंथरुणासकट टेम्पोत ठेवलं. मी जागा सोडली नाही, जागाच निघाली. त्याला माझा इलाज नव्हता.

गिरणीच्या फाटकातून आत गेलो आणि मला ओळखीचा वास आला. पाठोपाठ दुसरा, तिसरा. पिंपाआडून ती तपकिरी पुढं आली, जी आदल्या हंगामात सासरी गेली होती. तिच्यामागं आणखी एक, डोळ्यात फूल पडलेली. सगळ्यांचे गळे पट्ट्याविना. तपकिरीनं माझ्या दुखऱ्या पायाचा वास घेतला आणि जरा सरकून मला जागा दिली. सासर म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

पण मित्रांनो, रस्त्यावरचं दुःख फाटकाशीच संपलं असं म्हणेन मी. मावशींचं घर गरीब होतं पण हसरं होतं. जुन्या गणवेशांच्या चिंध्यांच्या गाद्या, त्यांवर अजून खिसे होते. कुणाला औषध कधी द्यायचं हे लक्षात राहावं म्हणून मावशी आमच्या मानेला रंगीत दोरे बांधायच्या. आणि चुलीजवळच्या फळीवर एक रेडिओ होता, तो दिवसभर बोलायचा.

एकदा त्या रेडिओतून साहेब बोलले.

मी उठले, लंगडत गेले आणि फळीखाली जाऊन बसले, कान वर करून. मावशींना नवल वाटलं. गाणी लागली तर ही झोपते, बातम्या लागल्या तर झोपते, आणि सभागृहातली भाषणं लागली की उठून बसते. त्यांनी माझं नाव ठेवलं, पुढारीणबाई. कुणी पाहुणा आला की सांगायच्या, "हिला राजकारणाची फार आवड. मतदान करता येत नाही म्हणून वाचलो आपण." भाषणं लागली की माझ्यासाठी आवाज मोठा करायच्या. रेडिओतले बाकीचे पुढारी भांडायचे तेव्हा मी जांभया द्यायचे. साहेब बोलायला लागले की शेपटीनं फरशी झाडायचे.

ही गंमत बरेच दिवस चालली. मग एके दुपारी साहेब रेडिओतून म्हणत होते, की शिकारी आपल्या कुत्र्याला पोटच्या पोरासारखं जपतो. मावशींचे हात कणीक मळता मळता थांबले. त्यांनी रेडिओकडं पाहिलं, मग माझ्याकडं. रेडिओ बंद केला. मी उठून फळीकडं बघत राहिले. पुन्हा लावला, माझी शेपूट हलली. पुन्हा बंद केला.

"अगं," मावशी हळूच म्हणाल्या, "तू त्यांची का?"

त्यानंतर त्यांनी मला चेष्टेनं पुढारीणबाई म्हटलं नाही. मायेनं म्हटलं.

त्याच सुमारास नव्या कायद्याचा मसुदा आला होता. सगळीकडं त्याचीच चर्चा. तारेचे फास लावायला बंदी. शिकारीला कडक बंधनं. आणि एक कलम असं, की प्रत्येक शिकारी कुत्र्याची मालकाच्या नावानं नोंद व्हावी आणि ते कुत्रं मरेपर्यंत त्याची जबाबदारी मालकाची राहावी. मसुदा तपासायला समिती बसली आणि अध्यक्ष झाले साहेब. फासांच्या बंदीला त्यांनी पहिल्याच दिवशी पाठिंबा दिला. त्यांचेच लोक बुचकळ्यात पडले, साहेबांना एकाएकी काय झालं. कुणाला कळलं नाही. मला कळलं असतं, पण मला कोण विचारतं? ते शेवटचं कलम मात्र साहेबांना नको होतं. त्यांचं म्हणणं होतं, ज्या गोष्टी घडतच नाहीत त्यांच्यावर कायदा करणं हा शिकाऱ्यांचा अपमान आहे. आणि समितीत निम्मे लोक साहेब मान हलवतील तशी मान हलवणारे. ते कलम गेलं असतं, तर पुढच्या हंगामानंतर रस्त्याच्या कडेला पुन्हा तेच. मावशींचा टेम्पो तरी किती ठिकाणी पोचणार?

समितीनं लोकांना आपली बाजू मांडायला बोलावलं, तेव्हा मावशी निघाल्या. मला घेऊन. दारावरचा शिपाई म्हणाला, कुत्र्याला आत परवानगी नाही. मावशी म्हणाल्या, "कायदा हिच्यासाठी होतोय, आणि हीच बाहेर?" शिपायानं डोकं खाजवलं, इकडंतिकडं पाहिलं आणि म्हणाला, "पाय पुसून न्या."

खोलीत लांबलचक टेबल होतं, पाण्याचे पेले, प्रत्येकापुढं माइक. एका टोकाला सगळं बोलणं टिपून घेणारा लेखनिक. मधल्या खुर्चीत साहेब. ते थोडे सुटले होते आणि थोडे थकले होते. एका बाजूला शिकारी संघाचे प्रमुख, त्यांना सगळे मिशीवाले म्हणत. समोर विरोधी पक्षाच्या चष्मेवाल्या बाई. आणि मागच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून अवघडून बसलेले काका. शिकारी आपली कुत्री कशी उत्तम ठेवतात हे सांगायला संघानं त्यांना आणलं होतं.

मला त्यांचा वास दारातच आला होता. पण कुणाकडं आधी जावं, तेच मला कळेना.

मावशी बोलायला उभ्या राहिल्या. त्यांना भाषण येत नव्हतं. पट्टे काढलेल्या, पाय मोडलेल्या कुत्र्या हंगामानंतर कुठं कुठं सापडतात एवढंच त्यांनी सांगितलं, आणि त्या सगळ्या एकाच जातीच्या असतात असं सांगून बसल्या. मिशीवाले हसून म्हणाले, "बाई, रस्त्यावर कुत्री सापडणारच. गाय सापडली तर म्हणाल, दूधवाल्यावर कायदा करा. ही कुणाची होती, आहे काही पुरावा?"

मावशींकडं पुरावा नव्हता. पोस्टरवरची ती झुळूक म्हणजेच ही लंगडी, हे कुणाला सुचणार? एक रेडिओ आणि माझी शेपूट, याला पुरावा कोण म्हणेल? त्यांच्या हातातली दोरी सैल झाली, आणि मी टेबलाखालून गेले. तिथं पायच पाय होते. मला हवे ते बूट सापडले. मी त्यांच्यावर हनुवटी टेकली, पूर्वी दौडीनंतर टेकायचे तशी.

वर हशा झाला. कुणीतरी म्हणालं, कुत्रीनं अध्यक्षांच्या बाजूनं मत दिलं. साहेबांचा आवाज आला, "माझ्या अंगाला कुत्र्यांचाच वास येतो, त्याला मी काय करणार?" पुन्हा हशा. पण बुटातली बोटं आखडली होती. आणि मग एक हात टेबलाखाली आला, कुणाला दिसणार नाही असा. त्यानं माझा कान शोधला. कानामागची जागा बरोबर शोधली. आणि विस्तव लागावा तसा मागं गेला.

चष्मेवाल्या बाईंचं लक्ष मात्र मागच्या रांगेत होतं. काका उभे राहिले होते, आपण उभे आहोत हे त्यांना ठाऊकही नव्हतं. बाईंनी विचारलं, "आजोबा, तुम्ही ओळखता का हिला?"

"ओळखतो. माझ्या हातावर जन्मली ती."

बाईंनी विचारलं, मग ती रस्त्यावर कशी गेली?

काकांनी साहेबांकडं पाहिलं. आयुष्यभर ज्याचं मीठ खाल्लं त्याच्याकडं माणूस पाहतो तसं. मग ते मान खाली घालून म्हणाले, "मीच सोडली. पाय अधू झाला होता तिचा. साहेबांना काही माहीत नव्हतं. साहेब बाहेरगावी होते."

मिशीवाल्यांनी लगेच धागा पकडला. ते म्हणाले, बघा, ही सगळी नोकरमाणसांची हयगय, मालकाचा काय दोष? कलम ठेवायचंच तर सांभाळणाऱ्या माणसावर ठेवा, दंडही त्यालाच. सुरुवात इथूनच करा. माना डोलायला लागल्या. लेखनिकानं लेखणी उचलली आणि काकांना पूर्ण नाव विचारलं. काकांना नाव सांगता येईना.

साहेबांना फक्त गप्प बसायचं होतं, मित्रांनो. तेवढं केलं असतं की कलम गेलं असतं, शिकाऱ्यांची मर्जी राहिली असती, आणि एक म्हातारा माणूस बदनाम झाला असता.

मला या गोष्टीचा शेवट साहेबांच्या शब्दांनी करायचा आहे. म्हणून त्यानंतरचं आधी सांगून टाकते. ते कलम थोडक्या मतांनी का होईना, मंजूर झालं. आता प्रत्येक शिकारी कुत्र्यामागं एका माणसाचं नाव असतं. काही जुने दोस्त साहेबांच्या घराची पायरी चढेनासे झाले, आणि काही अनोळखी माणसं चढायला लागली. माळावर अजूनही शर्यती होतात, पण पुढं ससा नसतो, दोरीनं ओढलेली चिंधी असते. तरण्या कुत्र्यांना काही फरक पडत नाही, त्यांना धाव हवी. सशाला पडतो. काका अजून त्याच खोलीत आहेत. तिच्या दक्षिणेला आता एक पडवी निघाली आहे, ऊन येणारी, म्हाताऱ्यांसाठी. मला तिथं न्यायला साहेब स्वतः आले होते. पण मी मावशींकडची माझी घोंगडी सोडली नाही आणि त्यांनीही आग्रह धरला नाही. ते अधूनमधून येतात, माझ्याशेजारी जमिनीवर बसतात, पायाला तेल चोळतात. त्यांना नीट चोळता येत नाही. मी चोळू देते. राग धरून ठेवायला आम्हाला जमत नाही. हा आमच्या जातीचा दोष म्हणा, की गुण.

मित्रांनो, कुत्रं पाळा, मांजर पाळा, पाखरांना पाणी ठेवा. पण ज्याची धाव आपली म्हणून मिरवलीत, त्याचं लंगडणंही आपलं म्हणा. आणि कुणाला दूर केलंत, तर त्याला गोड नाव देऊ नका. गोड नावानं दुखणं थांबत नाही, फक्त ऐकू येईनासं होतं. कायदा चांगलाच, तो हवाच. पण कायद्याच्या आधी कुणीतरी एकानं तोंड उघडावं लागतं.

तर, लेखनिकानं पुन्हा विचारलं, आजोबा, नाव? टेबलाखाली माझ्या हनुवटीखालचे बूट मागं सरले. खुर्ची सरकली. साहेब उठून उभे राहिले. माइक पुढ्यातच होता, पण त्यांनी तो बाजूला केला. सभेतला तो मोठा आवाज कुठंच नव्हता. खोलीतल्या लोकांना ऐकायला पुढं वाकावं लागलं.

"काका, खाली बसा तुम्ही. यांचं नाव लिहू नका, माझं लिहा. कुत्री माझी आहे. तिला धावता येईना, आणि चार लोक मला हसतील याची मला भीती वाटली. म्हणून मी टाकली तिला. यांनी नको म्हटलं होतं."